जैववैद्यकीय संशोधनाकडे वळू पाहणाऱ्या पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावातील महाविद्यालयांत शिकणारे, आश्रमशाळांतून पुढे आलेले, दलित, आदिवासी आणि भटक्या-विमुक्त समाजांतील, किंवा घरात पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोहोचलेले विद्यार्थी आणि त्यांचे शिक्षक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. पात्रतेचे नियम आणि विद्यावेतनाच्या रकमा बदलत असतात, म्हणून अर्ज करण्यापूर्वी त्या वर्षाची मूळ अधिसूचना स्वतः वाचावी.

१. जैववैद्यकीय संशोधन करायला डॉक्टर असावे लागते का?

नाही. रुग्णावर उपचार करण्याचा अधिकार डॉक्टरांचाच असला, तरी रोग कसा होतो, शरीर त्याला कसे तोंड देते आणि औषध किंवा लस कशी काम करते, हे शोधणाऱ्यांमध्ये सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायनशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र आणि संख्याशास्त्र शिकलेले लोक मोठ्या संख्येने असतात. परळच्या हाफकिन संस्थेला ज्यांचे नाव दिले आहे, ते वाल्देमार हाफकिन स्वतः प्राणिशास्त्रज्ञ होते. मुंबईत प्लेगची साथ असताना तयार केलेली लस त्यांनी जानेवारी १८९७ मध्ये प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. आज पुण्यातील राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था, तसेच खारघरचे टाटा स्मारक केंद्राचे कर्करोग संशोधन केंद्र अशा ठिकाणी बीएस्सी, एमएस्सी, पीएचडी या वाटेने आलेले संशोधक काम करतात. रुग्णांचे नमुने लागणाऱ्या प्रकल्पात मात्र डॉक्टर सहकारी आणि संस्थेच्या नीतिमत्ता समितीची परवानगी असावीच लागते.

२. बारावीनंतर आयसरलाच (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था) जायला हवे का?

पुण्याच्या आयसरसारख्या संस्थेत प्रवेश मिळाला तर उत्तमच, कारण तेथे पदवीच्या काळातच प्रयोगशाळा खुली होते. त्यासाठीच्या अभिरुची चाचणीत जीवशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि भौतिकशास्त्र या प्रत्येक विषयाचे १५ याप्रमाणे ६० प्रश्न असतात. ती संधी हुकली म्हणून वाट बंद होत नाही. बीएस्सीनंतर आयआयटीची ‘जॅम’, जैवतंत्रज्ञानाची ‘गॅट-बी’ आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेची प्रवेश परीक्षा या तीन दारांतून पुढे जाता येते. गॅट-बीमधून मिळणाऱ्या अनेक एमएस्सी अभ्यासक्रमांना मासिक विद्यावेतनही असते, हे आमच्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

३. बारावीला गणित घेतले नव्हते. अडेल का?

प्रवेशात थोडे अडेल, कामात त्याहून अधिक. आजचे जीवशास्त्र आकड्यांवर चालते. सरासरी, प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती विखुरले आहेत याचे माप), दोन गटांतील फरक योगायोगाने आलेला नाही हे कसे ठरवतात, आणि नमुना किती मोठा घ्यावा, एवढे पदवीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत स्वतः शिकून घ्या. ‘स्वयम्’ संकेतस्थळावर यासाठी विनामूल्य अभ्यासक्रम आहेत आणि ‘आर’ ही संगणकप्रणालीही फुकट मिळते.

४. आमचे गुण चांगले असतात, तरी मुलाखतीत आमची मुले मागे का पडतात?

मुलाखतीत पाठ केलेली व्याख्या फारशी विचारली जात नाही. ‘तुम्ही काय केले, ते तसेच का केले, तुलनेसाठी कोणता गट ठेवला होता, आणि निकाल उलटा आला असता तर काय समजला असता?’ असे प्रश्न येतात. ज्या विद्यार्थ्याने तीन वर्षे प्रात्यक्षिकाच्या वहीत आधीच ठाऊक असलेली उत्तरे उतरवली, त्याच्याजवळ या प्रश्नांना उत्तर नसते आणि त्यात त्याच्या बुद्धीचा काही दोष नसतो. मोठ्या शहरातील चांगल्या महाविद्यालयातला विद्यार्थी दोन उन्हाळे कोणाच्या तरी प्रयोगशाळेत काढून आलेला असतो, त्याला नावानिशी ओळखणारा एखादा शास्त्रज्ञ शिफारसपत्र देतो, आणि हे सारे कधी व कसे करायचे याची माहिती त्याला वरच्या वर्गातील मुलांकडून आपसूक मिळालेली असते. गुणपत्रिकेत न दिसणारी दरी हीच आहे. म्हणून आमचा सल्ला सरळ आहे: टक्केवारीत आणखी दोन-तीन गुणांची भर घालण्यापेक्षा पदवी संपण्यापूर्वी एक उन्हाळा खऱ्या प्रयोगशाळेत घालवणे अधिक मोलाचे आहे. तिथे कसे पोहोचायचे, हे प्रश्न ६ आणि ७ मध्ये आहे.

५. आमच्या महाविद्यालयात उपकरणेच नाहीत. इथे राहून काय शिकता येईल?

वाटते त्यापेक्षा बरेच. एक सूक्ष्म पिपेट (अगदी थोडा द्रव मोजून घेण्याचे बटणाचे साधन) आणि मिलिग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा तराजू एवढे असले, तरी पुढील सराव करता येतो. पिपेट १०० मायक्रोलिटरवर लावून पाणी घ्या आणि तराजूवरील भांड्यात सोडा. खोलीच्या तापमानाला त्याचे वजन जवळपास १०० मिलिग्रॅम भरले पाहिजे. असे दहा वेळा करून सरासरी आणि प्रमाण विचलन काढा. आकडे विखुरलेले असतील तर हात अजून बसलेला नाही. आकडे एकमेकांजवळ असूनही सगळेच जास्त येत असतील, तर पाणी ओढताना तुम्ही बटण पहिल्या थांब्यावर न थांबवता दुसऱ्यापर्यंत दाबत आहात का, ते पाहा. दुसरा थांबा द्रव बाहेर सोडताना वापरायचा असतो. तेही बरोबर असेल, तर दोष पिपेटच्या मापात आहे. हा तासाभराचा सराव केलेला विद्यार्थी नव्या प्रयोगशाळेत पहिल्याच दिवशी वेगळा ओळखू येतो.

दुसरी गोष्ट नोंदवहीची. पाने क्रमांकित असावीत, तारीख त्याच दिवशी पडावी, रसायनाच्या बाटलीवरचा बॅच क्रमांक लिहावा, आणि चुकलेला आकडा खोडरबरने न पुसता त्यावर एकच रेघ मारावी, म्हणजे खालचा आकडा वाचता येतो. फसलेला प्रयोगही तितक्याच तपशिलाने लिहावा.

उपकरणांशिवाय होणारे कामही आहे. ‘पबमेड’वर शोधनिबंधांचे सारांश आणि ‘पबमेड सेंट्रल’वर लाखो पूर्ण निबंध विनामूल्य वाचता येतात, ‘ब्लास्ट’वर जनुकांच्या क्रमांची तुलना करता येते, आणि ‘इमेजजे’ने मोबाईलवर काढलेल्या छायाचित्रातील जिवाणूंच्या वसाहती मोजता येतात. जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत केंद्र आणि राज्य सरकारांच्या हजारो शिक्षणसंस्थांना सशुल्क नियतकालिकेही खुली झाली आहेत. तुमचे महाविद्यालय त्यात आहे का, हे ग्रंथपालांना विचारा.

६. उन्हाळ्यात संशोधन करण्यासाठी अर्ज कोठे करायचे?

सर्वांत आधी भारतीय विज्ञान अकादमी आणि अन्य दोन राष्ट्रीय विज्ञान अकादमी मिळून चालवत असलेल्या उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीकडे पाहा. तिच्यात देशभरातील एखाद्या संशोधकाकडे साधारण दोन महिने काम करता येते. अर्ज दिवाळीच्या आगेमागे निघतात, आणि आमच्याकडे ‘काही संधी आहे का’ अशी विचारणा एप्रिलमध्ये येते, ही दरवर्षीची रड आहे. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीचा ‘निअस’ हा उपक्रम २००४ पासून आहे. सुरुवातीच्या वर्षांतील विद्यार्थ्यांनी तो अवश्य पाहावा. बारावीला मंडळाच्या वरच्या एक टक्क्यात असलेल्यांसाठी ‘इन्स्पायर’ शिष्यवृत्ती आहे: वर्षाला ८०,००० रुपये, त्यातले २०,००० उन्हाळी प्रकल्पासाठी. वैद्यकीय किंवा दंतवैद्यकीय शाखेत असाल, तर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची अल्पमुदतीची विद्यार्थी शिष्यवृत्ती तुमच्यासाठी आहे.

याखेरीज थेट पत्र लिहून मिळणारी जागा असते. तिची जाहिरात निघत नाही, म्हणून ओळखीपाळखी नसलेल्यांपर्यंत ती पोहोचत नाही. त्यासाठी पुढचा प्रश्न पाहा.

७. शास्त्रज्ञांना ई-मेल कसा लिहावा? उत्तरच येत नाही.

एकच मजकूर चाळीस जणांना पाठवला, तर उत्तर येणार नाही. पाच जण निवडा, प्रत्येकाचा अलीकडचा एक निबंध वाचा आणि पाच वेगळी पत्रे लिहा. पत्र एका पडद्यावर मावेल एवढेच असावे. पहिल्या परिच्छेदात तुम्ही कोण, कोणत्या वर्गात, कोणत्या तारखांना मोकळे आहात. दुसऱ्यात त्यांच्या निबंधातील एक नेमकी गोष्ट आणि तिच्याविषयी तुम्हाला पडलेला खरा प्रश्न. तिसऱ्यात तुम्हाला प्रत्यक्ष येणारी कामे. ‘पिपेटच्या मापाची तपासणी केली आहे, सोबत आकडे जोडले आहेत’ हे एक वाक्य ‘मी अत्यंत मेहनती व जिज्ञासू आहे’ यापेक्षा कितीतरी वजनदार ठरते. निवासाची अडचण असेल तर ती लपवू नका. दोन आठवड्यांनी एकदाच आठवण करावी. तरीही उत्तर आले नाही तर तो तुमचा अपमान समजू नये.

८. घरचे म्हणतात, संशोधनात पैसा नाही, एमपीएससी कर. त्यांना काय सांगू?

खरे आकडे सांगा, स्वप्ने नकोत. बीएस्सी आणि एमएस्सीची पाच वर्षे कमाई नसते. या काळात ‘महाडीबीटी’वरील मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि शुल्कमाफी हाच मुख्य आधार असतो. त्यानंतर सीएसआयआर-यूजीसी नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली, तर जानेवारी २०२३ पासूनच्या दराने महिन्याला ३७,००० रुपये आणि घरभाडे भत्ता मिळतो, आणि दोन वर्षांनी ही रक्कम ४२,००० होते. पीएचडीला पाच ते सहा वर्षे धरा. म्हणजे वयाच्या तेविसाव्या-चोविसाव्या वर्षापासून घरी थोडे पैसे पाठवता येतात, पण कायमची नोकरी तिशीच्या आसपास येते, आणि तीही हमखास नाही. विद्यावेतन महिनोनमहिने थकल्याच्या तक्रारीही खऱ्या आहेत, तेव्हा दोन-तीन महिन्यांचा खर्च गाठीशी ठेवूनच पीएचडीला रुजू व्हावे. ज्या घराला उद्याच पगाराची गरज आहे, तेथील मुलाने आधी औषधनिर्माण कंपनीत किंवा तपासणी प्रयोगशाळेत नोकरी धरली, तर त्यात कमीपणा नाही. त्या वाटेने परत कसे येता येते ते प्रश्न १७ मध्ये आहे.

९. नेट निघाली नाही, तर पीएचडीसाठी दुसरी मदत आहे का?

आहे. महाराष्ट्रातील पीएचडीला नोंदणी झालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी पुण्याची ‘बार्टी’, मराठा व कुणबी समाजांसाठी ‘सारथी’, इतर मागास वर्ग, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी नागपूरची ‘महाज्योती’, आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था यांच्या अधिछात्रवृत्ती आहेत. केंद्राच्या राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती वेगळ्या. एका वेळी एकच घेता येते.

१०. राज्यात माझा प्रवर्ग एनटी किंवा एसईबीसी आहे. केंद्रीय संस्थेच्या अर्जात हा पर्यायच दिसत नाही. काय भरू?

सर्वाधिक अर्ज येथेच चुकतात, म्हणून सविस्तर सांगतो. व्हीजे (विमुक्त जाती), एनटी (भटक्या जमाती), एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) हे महाराष्ट्राचे प्रवर्ग आहेत. केंद्राकडे अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, ओबीसी आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक एवढेच प्रवर्ग आहेत. तुमची जात महाराष्ट्रासाठीच्या केंद्रीय सूचीत कोठे आहे, ते पाहावे लागते. उदाहरणार्थ, राज्यात एनटी-सीमध्ये असलेला धनगर समाज आणि एनटी-डीमध्ये असलेला वंजारी समाज केंद्रात ओबीसी आहेत. मराठा समाजाचे एसईबीसी आरक्षण केंद्रीय संस्थांत लागू नाही. अटी पूर्ण होत असतील तर तेथे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातून अर्ज करता येतो.

त्या अटींत एक खाचखळगा शेतकरी कुटुंबांसाठी आहे. उत्पन्न ८ लाखांपेक्षा कमी असले, तरी कुटुंबाकडे ५ एकर किंवा अधिक शेतजमीन असेल तर हा दाखला मिळत नाही, मग ती जमीन कोरडवाहू का असेना. शिवाय या दाखल्यासाठी शेतीसह सर्व उत्पन्न धरतात, तर ओबीसीच्या नॉन-क्रीमी लेअरच्या उत्पन्न तपासणीत शेतीचे उत्पन्न आणि पगार मोजत नाहीत, पण आई-वडिलांच्या सरकारी पदाची श्रेणी पाहतात.

बौद्ध धर्म स्वीकारलेल्या कुटुंबांना १९९० पासून केंद्रातही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, मात्र दाखला केंद्राच्या नमुन्यात असला पाहिजे. जात वैधता प्रमाणपत्राची अट महाराष्ट्राच्या कायद्यातून आलेली आहे आणि ते असले तरी केंद्राच्या नमुन्यातील दाखल्याची गरज संपत नाही. नॉन-क्रीमी लेअर आणि दुर्बल घटकाचे दाखले बहुतेक ठिकाणी चालू आर्थिक वर्षातले मागतात, म्हणून एप्रिल उजाडताच सेतू केंद्रात अर्ज टाकावा. जूनमध्ये तेथे प्रवेशाची गर्दी असते.

११. माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे. इंग्रजीचे काय करू?

शोधनिबंध वाचण्यापुरते इंग्रजी हे बोलण्याच्या इंग्रजीपेक्षा सोपे असते, कारण त्यातील वाक्ये ठरावीक साच्याची असतात. आधी आकृत्या आणि त्यांखालच्या ओळी वाचा, प्रत्येक आकृतीत काय सिद्ध केले आहे ते मराठीत दोन ओळींत लिहा, आणि मगच मजकुराकडे वळा. आठवड्याला एक निबंध असा वाचला, तर वर्षभरात फरक दिसतो. मुलाखतीत अडखळत पण नेमके बोलणारा विद्यार्थी निवडला जाताना आम्ही पाहिला आहे. सफाईदार बोलून मुद्दा टाळणाऱ्याचे तसे होत नाही.

१२. एक संस्था पैसे भरून महिनाभराची इंटर्नशिप आणि प्रमाणपत्र देते. घ्यावी का?

आमच्या मते नाही. तेथे बहुधा आधीच उत्तर ठाऊक असलेले प्रयोग करून घेतात, आणि निवड समितीला ते प्रमाणपत्र पाहताक्षणी कळते. पैसे घेऊन आठवड्यात शोधनिबंध छापून देणाऱ्या नियतकालिकांविषयीही हेच म्हणावे लागेल. असा निबंध नसलेला बरा. सरकारी संस्था प्रकल्पासाठी माफक शुल्क आकारते तेव्हा गोष्ट निराळी.

१३. चार वर्षांची ‘संशोधनासह ऑनर्स’ पदवी घ्यावी, की तीन वर्षांनंतर एमएस्सी?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीत किमान ७५ टक्के गुण असल्यास थेट पीएचडीसाठी पात्र होता येते. राखीव प्रवर्गांना ५ टक्क्यांची सवलत आहे. कागदावर एक वर्ष वाचते. पण महाविद्यालयात चालती प्रयोगशाळा आणि स्वतः संशोधन करणारा मार्गदर्शक नसेल, तर चौथे वर्ष ग्रंथालयातील संकलनात संपते आणि प्रश्न ४ मधली दरी तशीच राहते. अशा ठिकाणच्या विद्यार्थ्याने एमएस्सीसाठी अधिक चांगल्या संस्थेत जावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

१४. मुलींसाठी काही वेगळे नियम आहेत का?

विद्यार्थिनींना पीएचडीसाठी जास्तीची दोन वर्षे आणि एकदा २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा मिळते. ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्या संशोधकांनाही जास्तीची दोन वर्षे आहेत. खंड पडलेल्या स्त्रियांसाठी केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या ‘वाइज-किरण’ योजना आहेत. कमला सोहोनी यांना १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत केवळ स्त्री म्हणून आधी प्रवेश नाकारला गेला आणि नंतर अटी घालून मिळाला. पुढे त्यांनी केंब्रिजची पीएचडी घेतली. आज अशी अट कोणी लेखी घालत नाही, पण रात्री पेशींना खाद्य द्यायला वसतिगृहातून बाहेर पडू देतात का, हा प्रश्न प्रवेशापूर्वीच विचारून घ्यावा.

१५. आरक्षणातून आल्याचे कळल्यावर सहकारी टोमणे मारतात. मार्गदर्शक निवडताना काय पाहावे?

मार्गदर्शकाची कीर्ती पाहण्यापूर्वी त्यांच्या प्रयोगशाळेतील सध्याच्या आणि बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांशी बोला. किती जण पीएचडी अर्धवट सोडून गेले, निबंधावर पहिले नाव कोणाचे असते, आणि चूक झाली तर सर्वांसमोर कसे बोलले जाते, एवढे विचारले तरी चित्र स्पष्ट होते. त्रास होत असेल तर तारीख, प्रसंग आणि साक्षीदार यांची नोंद ठेवा, आणि संस्थेतील अनुसूचित जाती-जमाती कक्ष किंवा समान संधी कक्षाकडे लेखी जा. तोंडी तक्रार बहुधा विरून जाते.

१६. वंचित समाजांतील विद्यार्थ्यांना संशोधनाकडे नेणारा एखादा कार्यक्रम यशस्वी झाल्याचे उदाहरण आहे का? आम्ही शिक्षक त्यातून काय उचलू शकतो?

अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी आवारात फ्रीमन ह्राबोव्स्की यांनी १९८८ मध्ये देणगीदार रॉबर्ट मायरहॉफ यांच्या साहाय्याने एक कार्यक्रम सुरू केला. आधी तो कृष्णवर्णीय मुलांसाठी होता, पुढे मुलींना आणि नंतर सर्वांना खुला झाला. वर्ग सुरू होण्यापूर्वीचे उन्हाळी शिबिर, एकत्र निवास, गटाने अभ्यास, आर्थिक मदत आणि लवकरात लवकर प्रयोगशाळा, एवढीच त्याची मांडणी आहे. निवड होऊनही दुसरीकडे गेलेल्या विद्यार्थ्यांच्या तुलनेत त्यातील विद्यार्थी विज्ञानातील पीएचडीकडे सुमारे पाचपट वळल्याचे आढळले. कोविडच्या लसीवर काम केलेल्या किझमेकिया कॉर्बेट तेथूनच शिकल्या. तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी पदवी पातळीवर चालवलेल्या अशा काही योजना २०२५ मध्ये बंद केल्या. त्या तशाही अमेरिकी नागरिक आणि कायम रहिवाशांपुरत्याच होत्या.

पैशांविना उचलता येण्यासारखे त्यात बरेच आहे. दर शनिवारी एक निबंध वाचणारा गट, पुढे गेलेल्या माजी विद्यार्थ्यांशी महिन्यातून एक दूरदृश्य भेट, आणि प्रात्यक्षिकांपैकी निदान एकात उत्तर आधी ठाऊक नसलेला प्रश्न. गावातील वेगवेगळ्या शेतांच्या मातीत किती प्रकारचे ॲक्टिनोमायसीट्स (मातीत आढळणारा जिवाणूंचा एक गट) आहेत, हा असा एक प्रश्न आहे. मातीतून काय उगवेल ते सांगता येत नसल्याने जिवाणू वाढवण्याच्या थाळ्या बंद ठेवून बाहेरूनच पाहाव्यात आणि टाकण्यापूर्वी ऑटोक्लेव्ह कराव्यात, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक कराव्यात. रोगकारक जिवाणू महाविद्यालयात मुद्दाम वाढवू नयेत. विज्ञान अकादमींची उन्हाळी शिष्यवृत्ती शिक्षकांनाही असते, आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या ‘स्टार कॉलेज’ योजनेतून महाविद्यालयाला प्रात्यक्षिकांसाठी निधी मिळू शकतो.

१७. पदवीनंतर काही वर्षे नोकरीत गेली. आता परत येता येईल का?

येईल, पण वयाची मर्यादा आधी पाहा. सीएसआयआर-यूजीसीच्या कनिष्ठ अधिछात्रवृत्तीसाठी ती ३० वर्षे आहे, आणि अनुसूचित जाती-जमाती व स्त्रियांना ५ वर्षांची सवलत आहे. केवळ पीएचडी प्रवेशासाठी किंवा सहायक प्राध्यापकपदासाठी नेट देताना वयाची अट नाही. परतीचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे संशोधन संस्थांतील प्रकल्प सहायकाच्या तात्पुरत्या जागा. त्यांच्या जाहिराती संस्थांच्या संकेतस्थळांवर येतात, मुलाखत बहुधा थेट असते आणि काही जागांना बीएस्सीही चालते. तपासणी प्रयोगशाळेत केलेले काम, म्हणजे उपकरणांचे मापांकन, नमुन्यांच्या नोंदी आणि गुणवत्ता नियंत्रण, अर्जात ठळकपणे लिहा.

१८. मला रंगांधत्व आहे. प्रयोगशाळेत चालेल का?

बहुतेक कामांत चालते. लाल-हिरव्या रंगांत दाखवलेली सूक्ष्मदर्शकाची चित्रे ‘इमेजजे’मध्ये किरमिजी आणि हिरव्या रंगांत बदलून घेता येतात, आणि रंग पाहून ठरवायच्या चाचण्यांसाठी वर्णमापीचा (रंगाची तीव्रता मोजणाऱ्या उपकरणाचा) आकडा वापरता येतो. रुजू होतानाच मार्गदर्शकांना सांगावे, म्हणजे नळ्यांवर रंगीत ठिपक्यांऐवजी अक्षरे लिहिण्याची सोय होते.